घटलेले वजन परत का येते?

वजन घटवणाऱ्या औषधांचे एक नवे पर्व आपल्या देशात सुरू झाले आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एली लिली कंपनीने टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतीय बाजारात आणले. पाठोपाठ जूनमध्ये डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने सेमाग्लुटाइड हे औषध ‘वेगोवी’ या नावाने आणले. याच द्रव्याची मधुमेहावरील गोळी ती २०२२ पासूनच येथे विकत होती. वेगोवीच्या सुरुवातीच्या मात्रेची किंमत महिन्याला १७ हजार रुपयांहून अधिक होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ११ हजारांच्या आसपास आणण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळीही अमेरिकेत मंजूर झाली. म्हणजे सुईला भिणाऱ्या ग्राहकाचीही सोय झाली.

या औषधांविषयी वृत्तपत्रांतून आणि पांढरपेशा घरांतून जी चर्चा चालते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: किती महिन्यांत किती किलो घटतात? परंतु ज्याला दरमहा आपल्या मिळकतीतून पैसे बाजूला काढावे लागतात त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न दुसराच आहे. घटलेले वजन टिकते काय? औषध थांबवल्यावर काय होते? आणि वजन परत आले तर त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा? या प्रश्नांची उत्तरे विज्ञानाजवळ बऱ्याच अंशी आहेत. ती जनतेपर्यंत पोहोचवण्यात औषधे विकणाऱ्यांना मात्र रस नाही.

जुन्या गोळ्यांचा इतिहास

वजन घटवणाऱ्या गोळीचा इतिहास एका कारखान्यात सुरू होतो, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हे रसायन वापरले जात असे. तेथील कामगारांना घाम फुटे, ताप चढे, वजन झपाट्याने उतरे आणि त्यांपैकी काहींचा मृत्यूही होई. हे रसायन शरीरातील इंधनाचे कामात रूपांतर होऊ न देता त्याची नुसती उष्णता करून टाकते. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच गुण वजन घटवण्यासाठी वापरता येईल असे सुचवले आणि पाहता पाहता त्याची सर्रास विक्री सुरू झाली. ज्या विषाने कामगार मेले तेच विष सडपातळ होऊ पाहणाऱ्यांना औषध म्हणून देण्यात आले. अनेकांना मोतीबिंदू झाला, काही प्राणास मुकले. १९३८ मध्ये अमेरिकेत नवा औषधविषयक कायदा झाला, तेव्हा कोठे हा व्यापार आवरला गेला. आजही हे रसायन चोरून विकले जाते आणि त्याने मृत्यू घडतात.

त्यानंतरची कथा म्हणजे त्याच प्रयोगाची पुनरावृत्ती होय. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वापरलेले अँफेटामाइन युद्धानंतर भूक मारणारी गोळी म्हणून विकले गेले. अमेरिकेत या द्रव्याबरोबर अवटुग्रंथीचा अर्क, लघवी वाढवणारी आणि हृदयावरची औषधे एकत्र करून रंगीबेरंगी गोळ्या वाटल्या जात. १९६८ मध्ये तेथील सिनेटला त्यांची चौकशी करावी लागली. १९६५ ते १९६८ या काळात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत विकल्या गेलेल्या अमिनोरेक्स या गोळीमुळे फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याच्या प्राणघातक विकाराची साथच आली. १९९७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांतील दोषांचा अहवाल प्रसिद्ध केला. या सर्व स्त्रिया फेनफ्लुरामाइन आणि फेंटरमाइन ही औषधे एकत्र घेत होत्या. त्याच वर्षी फेनफ्लुरामाइन बाजारातून मागे घेण्यात आले.

फ्रान्समधील प्रकरण तर अधिकच बोलके आहे. सर्व्हिये कंपनीचे ‘मेडियातोर’ हे औषध १९७६ पासून २००९ पर्यंत विकले गेले. कागदोपत्री ते मधुमेहींसाठी होते. प्रत्यक्षात मात्र भूक कमी करण्यासाठी ते लाखो लोकांना दिले गेले. ब्रेस्ट शहरातील डॉक्टर इरेन फ्राशाँ यांनी चिकाटीने त्याचा पाठपुरावा केला नसता तर ते आणखी किती काळ विकले गेले असते, हे सांगता येत नाही. मृतांची संख्या शेकड्यांत असल्याचा अंदाज तज्ज्ञांनी मांडला आणि २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला फसवणूक आणि सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. याच सुमारास युरोपात रिमोनाबँट हे औषध आले आणि मानसिक नैराश्य व आत्महत्येचा धोका दिसून आल्यावर २००८ मध्ये गेले. सिब्युट्रामाइनने हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो असे आढळल्याने २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते उठवले गेले व २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. लॉर्कासेरिन २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेवरून मागे घेण्यात आले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की प्रत्येक वेळी विक्री आधी झाली आणि धोका नंतर उघड झाला. दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते: यांपैकी कोणत्याही गोळीने घटवलेले वजन गोळी थांबवल्यानंतर टिकवून दाखवले नाही. जी गोष्ट ग्राहकाला हवी होती ती त्याला कधीच विकली गेली नव्हती.

नवे औषध, जुनाच प्रश्न

नवी औषधे जुन्यांसारखीच विषारी आहेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे विज्ञानाशी प्रतारणा करणे होईल. आतड्यांतून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचे काम ती करतात. पोट भरल्याची जाणीव त्यांनी लवकर होते व अधिक काळ टिकते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ व्यक्तींचा समावेश होता. ६८ आठवड्यांच्या अखेरीस सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरीने १४.९ टक्के घटले. नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि औषधविरहित टोचणी मिळालेल्यांचे २.४ टक्के घटले. २०२३ मध्ये १७ हजारांहून अधिक हृदयरोग्यांवरील चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालेले आढळले. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्याच चाचणीचा उत्तरार्ध जाहिरातदार सांगत नाहीत. त्यातील ३२७ व्यक्तींवर औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवले गेले. औषध चालू असताना ज्यांनी सरासरी १७.३ टक्के वजन घटवले होते त्यांचे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. हाती उरली ती ५.६ टक्क्यांची घट. रक्तदाबासारख्या बाबतींत झालेली सुधारणाही बरीचशी मावळली. टिर्झेपटाइडच्या बाबतीत हेच दिसले. ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटलेल्यांपैकी ज्यांचे औषध बंद करण्यात आले त्यांचे वजन पुढील वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. ज्यांचे चालू राहिले त्यांचे आणखी घटले.

याचा अर्थ सरळ आहे. रक्तदाबाची गोळी जशी चालू असेपर्यंतच काम करते, तशीच ही औषधेही चालू असेपर्यंतच काम करतात. डिसेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्थूलत्व हा दीर्घकालीन विकार असल्याचे म्हटले, या औषधांच्या दीर्घकाळ वापराची सशर्त शिफारस केली आणि त्यांच्या जोडीला आहार व हालचालींविषयीचे सातत्याचे साहाय्य हवे असेही सांगितले. मग ज्या कुटुंबाला चार-सहा महिने कर्ज काढून हे औषध घेणे परवडते आणि पुढे परवडत नाही, त्याच्या पदरात काय पडते? गेलेले पैसे, परतलेले वजन आणि मनात बसलेली अपराधाची भावना. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र परत आलेले वजन म्हणजे परत आलेले गिऱ्हाईक होय.

शरीराचा धर्म, मनाचा दुबळेपणा नव्हे

वजन परत आले की समाज रुग्णालाच दोष देतो. ‘जिभेवर ताबा नाही’, ‘आळशी आहे’ असे शेरे ऐकावे लागतात आणि त्यांत स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतात. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. युद्धोत्तर युरोपातील भुकेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे जाणण्यासाठी तो होता. सहा महिन्यांत या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर जाळत असलेली ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची भूक दीर्घकाळ शमली नाही आणि शरीरातील चरबी पूर्वीपेक्षा अधिक झाली.

शरीर वजनाची घट ही दुष्काळाची चाहूल समजते आणि स्वतःचा बचाव करू लागते. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यापासून या बचावाची यंत्रणा अधिक स्पष्ट झाली आहे. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदूला ‘साठा संपत आला’ असा संदेश जातो. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की आहार आटवून वजन कमी केलेल्यांच्या शरीरात भुकेची ही संप्रेरके एका वर्षानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांपैकी एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. सरासरी ५८ किलो घटवलेल्या या माणसांचे सरासरी ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, प्रायोजकांनी पैसे मिळवले. झुंज मात्र त्या माणसांच्या वाट्याला आयुष्यभराची आली.

असे असले तरी घटलेले वजन टिकवणे अशक्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अमेरिकेत मधुमेही असलेल्या ५,१४५ व्यक्तींवरील एका दीर्घ अभ्यासात काही जणांना वर्षानुवर्षे नियमित मार्गदर्शन, भेटी व पाठपुरावा मिळत राहिला. पहिल्या वर्षी त्यांचे वजन ८.६ टक्के घटले. सुमारे दहा वर्षांनंतरही ६ टक्क्यांची घट टिकून होती. ज्यांनी वजन टिकवले त्यांच्या दिनक्रमाची पाहणी केली असता रोज सुमारे तासभर चालणे किंवा तत्सम हालचाल, वेळेवर खाणे व नियमित वजन करणे या गोष्टी वारंवार आढळतात. म्हणजे वजन टिकवायला लागतात तीन गोष्टी: वेळ, चांगले अन्न आणि सतत पाठीशी उभी राहणारी व्यवस्था. या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात कोणाजवळ आहेत, हा प्रश्न वैद्यकाचा न राहता सामाजिक होतो.

किडकिडीत देहातील चरबी

स्थूलत्व हा केवळ श्रीमंतांचा रोग आहे, कष्टकऱ्यांना त्याच्याशी काय कर्तव्य, असे आपल्यांपैकी पुष्कळांना वाटते. ही समजूत सोडून दिली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आहेत; त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश आहेत. याच पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. उपासमार आणि स्थूलत्व एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत.

याचे एक कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील शेतकरी कुटुंबांतील गरोदर स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु ही रोडकी बाळे स्नायूंच्या मानाने चरबी राखून जन्मली होती. शेतात राबणाऱ्या, अपुरे खाणाऱ्या आईच्या उदरातच शरीर टंचाईचा धडा शिकते. पुढे तेच मूल शहरात येऊन स्वस्त पिठूळ, गोड व तळलेल्या अन्नावर जगू लागले की किडकिडीत दिसणाऱ्या देहातही मधुमेह शिरतो. म्हणूनच आपल्याकडील तज्ज्ञांनी भारतीयांसाठी अधिक वजनाची मर्यादा युरोपियनांपेक्षा खाली आणली आहे.

वजन घटवणाऱ्या औषधांच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. ज्या लोकसमूहात मुळातच स्नायू कमी आहेत, तेथे पुरेसे डाळ, दूध, अंडी यांच्याशिवाय आणि अंगमेहनतीच्या व्यायामाशिवाय नुसती भूक मारणे हा उपचार नव्हे. भूक मारण्याचे औषध महाग आणि डाळही महाग, अशा स्थितीत रुग्णाने करायचे तरी काय?

उपदेश जनतेला, सवलत कंपन्यांना

केंद्र सरकारचे धोरण काय आहे ते पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात स्थूलत्वाविरुद्ध मोहिमेची घोषणा केली, खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचा सल्ला दिला आणि प्रसिद्ध व्यक्तींना या कामासाठी नामनिर्देशित केले. त्याच्या थोडेच आधी सरकारच्याच आर्थिक पाहणीने कारखान्यातील अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांवर अधिक कर लावावा अशी सूचना केली होती. प्रत्यक्षात काय झाले? सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, झटपट शेवया आणि पाकीटबंद फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर उतरवण्यात आला. फसफसणाऱ्या गोड पेयांवरील कर तेवढा ४० टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात राहिला. तेल मोजून वापरण्याचा उपदेश गृहिणीला आणि करसवलत कारखानदाराला, असा हा न्याय आहे.

अशा अन्नाचा परिणाम केवळ तर्काने ठरवलेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न देण्यात आले; दोन्हींत साखर, चरबी व कॅलरींचे प्रमाण सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. कारखानी अन्न खाताना त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. माणसे तीच, इच्छाशक्ती तीच. बदलले ते अन्न.

चिलीने २०१६ पासून अशा पदार्थांवर काळ्या रंगाचे इशारे छापणे सक्तीचे केले. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर लावला. आपल्या देशात केरळातील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१६ मध्ये साखळी उपाहारगृहांतील पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर बसवला होता. पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा तो अधिकारच गेला. पाकिटावरील इशाऱ्यांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये जो मसुदा काढला त्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची, म्हणजे वाईट पदार्थालाही थोडी शाबासकी देण्याची योजना होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. त्या मुदतीत काम झाले नाही.

वेळेचे तेच. रोज तासभर चालल्याने वजन टिकते असे शास्त्र सांगते. पण २०२५ मध्येच गुजरात आणि महाराष्ट्राच्या सरकारांनी कारखान्यांतील कामाचा दिवस १२ तासांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. बारा तास काम, दोन-तीन तास गर्दीच्या गाड्यांतून प्रवास, आणि स्त्री असेल तर त्यानंतर चूल व मुले. तिने व्यायामाचा तास कोठून आणायचा? रात्रपाळीत झोप मोडते, अवेळी खाणे घडते, आणि कारखान्याच्या दाराशी मिळते ते वडापाव, समोसा किंवा बिस्किटाचा पुडा. अशा माणसाला ‘मनोनिग्रह करा’ म्हणून सांगणे ही थट्टाच होय.

ज्ञान समाजाचे, नफा कंपनीचा

औषधांच्या किमतीचे समर्थन संशोधनाच्या खर्चावर केले जाते. हे संशोधन कोठे झाले? जीएलपी-१ वरील मूलभूत काम १९८० च्या दशकात बोस्टन आणि कोपनहेगन येथील रुग्णालये व विद्यापीठांत झाले. त्यातील एक प्रमुख शास्त्रज्ञ स्वेतलाना मोयसोव या मूळच्या युगोस्लाव्हियातील; त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना दशकांनंतर मिळाले. या मालिकेतील पहिले औषध ज्या द्रव्यापासून निघाले ते एका विषारी सरड्याच्या लाळेत जॉन एंग यांना सापडले, तेव्हा ते न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करत होते. कंपन्यांनी त्यापुढे काही केले नाही असे नव्हे. पण पाया समाजाच्या पैशाने घातला गेला, हे विसरता येणार नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार सेमाग्लुटाइडचा महिन्याचा उत्पादनखर्च नफा धरूनही पाच डॉलरच्या आतच बसतो. त्या वेळी अमेरिकेत त्याची छापील किंमत महिन्याला सुमारे हजार डॉलर होती.

भारतात सेमाग्लुटाइडच्या मूळ रेणूवरील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. अनेक देशी कंपन्यांनी त्या दिवसाची तयारी कितीतरी आधी केली होती. किंमत उतरणे स्वागतार्हच आहे. पण बाजारातील चढाओढ म्हणजे लोकारोग्याची व्यवस्था नव्हे. औषध स्वस्त झाले आणि तपासणी, आहारमार्गदर्शन व पाठपुरावा नसला, तर अधिक लोक ते घेतील, अधिक लोक मध्येच सोडतील आणि अधिक लोकांचे वजन परत येईल. टिर्झेपटाइडवरील मक्तेदारीचा प्रश्न तर वेगळाच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने देशाला स्वस्त औषधे दिली. २००५ मध्ये वस्तूवरील पेटंट पुन्हा आले तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्यात काही संरक्षक तरतुदी राहिल्या. सक्तीच्या परवान्याची तरतूद वापरून २०१२ मध्ये कर्करोगावरील सोराफेनिबची महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आणता आली. ते हत्यार त्यानंतर म्यानातच पडून आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि सोव्हिएत साहाय्याने उभी राहिलेली आयडीपीएल यांसारखे सार्वजनिक कारखाने अशा वेळी उपयोगी पडले असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पहिला विकण्याचा आणि दुसरा बंद करण्याचा निर्णय घेतला.

काय केले पाहिजे

या पार्श्वभूमीवर मागण्या स्पष्ट आहेत. ज्यांना मधुमेह, हृदयरोग वा गंभीर स्थूलत्वामुळे या औषधांची खरोखर गरज आहे त्यांना ती सरकारी रुग्णालयांतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि आवश्यक तितका काळ मिळाली पाहिजेत. चार महिन्यांपुरती नव्हेत. त्यांच्या जोडीला आहारमार्गदर्शक व पाठपुरावा हवा. औषध थांबवायचे तर कसे आणि नंतर काय करायचे, हे प्रत्येक रुग्णाला आधी सांगितले गेले पाहिजे.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने स्थूलत्वावरील औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. तरीही वजन घटवणाऱ्या चूर्णांच्या, चहांच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती राजरोस झळकतात, आणि मोठ्या कंपन्या औषधाचे नाव न घेता ‘जागृती’च्या नावाखाली गिऱ्हाईक तयार करतात. हा कायदा कठोरपणे अमलात आणला पाहिजे. अतिप्रक्रियायुक्त पदार्थांच्या पाकिटांवर ताऱ्यांऐवजी स्पष्ट इशारे हवेत. त्यांच्यावरील कराचा पैसा शिधावाटपात डाळ व तेल, अंगणवाडीत आणि शाळेच्या माध्यान्ह भोजनात दूध व अंडी देण्यासाठी खर्च झाला पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याच्या नुसत्या पाच किलो धान्याने पोट भरते, शरीर बांधले जात नाही. आणि आठ तासांच्या कामाच्या दिवसाचे रक्षण, कारखान्यात चांगले उपाहारगृह, वस्तीत मैदान व चालायला मोकळा पदपथ या मागण्या यापुढे आरोग्याच्याही मागण्या म्हणून मांडल्या गेल्या पाहिजेत.

हे काम कामगार संघटनांनी आणि महिला संघटनांनी हाती घ्यावे. आपल्या वस्तीत कोणी भगिनी जाहिरातीवर विसंबून गोळ्या घेत असेल, तर तिला हसू नये, उपदेश करू नये. वजन परत आले यात तिचा गुन्हा नाही, तिच्या शरीराने आपला धर्म पाळला, हे तिला समजावून सांगावे. सरकारी दवाखान्यात तिच्याबरोबर जावे आणि तेथे औषध नसेल तर ते मागण्यासाठी तिच्याबरोबर उभे राहावे. आजवर हा प्रश्न एकेकट्याच्या लाजेचा विषय होता म्हणून कंपन्यांचे फावले. तो सर्वांच्या हक्काचा विषय झाला म्हणजे मग सरकारला आणि कंपन्यांना उत्तर द्यावेच लागेल.